लांबचा फोटो

एका संचात तीन असतात:
जवळचा, मधला, लांबचा.
जवळच्यात नुसता चेहरा, मधल्यात कमरेपर्यंत,
लांबच्यात पायांतल्या बुटांसकट अख्खी रिनाको.
पाकीट बंद येतं. आत काय निघेल ते नशीब.
मला पाच वेळा जवळचाच निघाला.

कुडचड्यात हे कुणाला सांगणार?
मी औषधांच्या दुकानात बिलं करते,
आणि रिकाम्या डब्यांतून
‘खाऊ नये’ लिहिलेल्या पुड्या गोळा करते.
त्या पुड्यांच्या जिवावर जपानच्या सात मुली
माझ्या कपाटात चार वर्षं
बुरशी न लागता राहताहेत.

आई म्हणते, पत्त्यांचा नाद वाईट.
मी म्हणते, हे पत्ते नव्हेत.
अदलाबदल करतेस ना, ती म्हणते, मग?

मार्चमध्ये रिनाको गट सोडतेय.
तिकडे ह्याला पदवी घेणं म्हणतात.
एक शेवटचा कार्यक्रम, फुगीर झगा, पोटभर रडणं,
आणि दुसऱ्या दिवसापासून छपाई बंद.

लांबचा होता वास्कोत, खारीवाड्यावर,
कायतान रिबेलोकडे.
निरोपात इतकी उद्गारचिन्हं घालायचा
की मी धरून चालले होते, कॉलेजातला पोरगा.
मडगावला बस बदलून गेले,
दार उघडलं सत्तरीच्या माणसानं.
बंदरावर क्रेन चालवली तीस वर्षं, आता गुडघे गेलेले.
टेबलावर दिवा, दिव्याखाली भिंग.
मासळीवाली पाचशेची नोट उजेडाला धरते
तशी त्यानं माझी दोन्ही कार्डं धरली.
‘हांगा दबलां,’ म्हणाला.
दबलं होतं.
मी लपवलं नव्हतं. सांगितलंही नव्हतं.

कानशिलं तापली. मी पिशवीतून तिसरं काढलं.
त्यानं ते एका बोटानं परत सरकवलं.
‘दोनूच थारायल्लीं न्हय?’

ह्या वयात का, हे मी विचारलं नाही.
हिचीच का, हे त्यानं विचारलं नाही.
आमच्यात हे विचारत नाहीत.
त्याच्या बायकोनं नारळाची बिस्किटं दिली,
चार तिथं खायला, सहा बांधून,
आणि जाताना हळूच म्हणाली, येत जा,
मला काही ती सगळी वेगळी दिसत नाहीत.

घरी येऊन सोप्यातल्या दिव्याखाली
पहिल्यांदा नीट बघितला.
रिनाको पिवळ्या बुटांत एका धक्क्यावर उभी.
मागे क्रेन. क्रेनच्या मागे
तांबडा ढीग, डोंगराएवढा.
जवळच्यात ह्यातलं काहीच नव्हतं.
जवळच्यात तिच्या केसांमागे लालसर धूसर काहीतरी होतं,
मी ते संध्याकाळ समजत होते.

बाबा माझ्या खांद्यावरून वाकले.
सावर्ड्याच्या धक्क्यावरून मुरगावपर्यंत
बार्जवर खलाशी होते ते, खाणी चालू होत्या तोवर.
म्हणाले, ‘हो आमचो माल.’

मी म्हटलं, बाबा, फोटो गेल्या वर्षीचा आहे.
आपली माती केव्हाच वितळली,
तिच्या गाड्या झाल्या, पूल झाले,
गाड्या भंगारातही गेल्या असतील.
हा ब्राझीलचा असेल, नाहीतर आणखी कुठला.

त्यांनी ऐकून घेतलं.
मग उठून न्हाणीत गेले,
कोपरापर्यंत साबण लावून हात धुतले,
पंचाला पुसले, नखं बघितली, परत पुसले.
कामावरून आल्यावर
आईनं दहादा सांगूनही जे धुतले जायचे नाहीत ते हात.
‘कसो धरचो?’

कडेनं, मी म्हटलं. बोटं उमटतात.

दोन तळव्यांमध्ये धरून
ते बराच वेळ बघत राहिले.
रिनाकोला नव्हे.

उद्या कायतानला कळवायचं आहे,
पोचले म्हणून, बिस्किटं संपली म्हणून.
आणि विचारायचं आहे
मधला कुणाकडे आहे का.